भोंगा वाजला की डावीकडे

जी बाई एकतीस वर्षं एका छपराखाली राहून कधी हूं की चूं करत नव्हती, तिनं मेल्यावर ओरडायला सुरुवात करावी, याला काय म्हणायचं? आणि ओरडायचंच होतं तर स्वतःच्या आवाजात ओरडावं. दुसऱ्याचा आवाज कशाला उचलावा? थोरलीचा राग होता तो याच्यावर. मेलेली माणसं घरात फिरतात, भांडी हलवतात, दारं वाजवतात, असं तिनं ऐकलं होतं. विश्वास नव्हता, पण ऐकलं होतं. मेलेल्या माणसानं जिवंत माणसाच्या शिव्या चोरल्याचं मात्र कुणाच्या ऐकण्यात नसेल.

थोरली म्हणजे चढावरची गिरणीवाली. दोन भावांच्या दोन बायका, एक थोरली, एक धाकटी. भाऊ एकामागून एक गेले, गिरणी राहिली, आणि गिरणीच्या मागेपुढे या दोघी जावा राहिल्या. पुढं थोरली, वजनकाट्यापाशी, गिऱ्हाइकांच्या तोंडाला तोंड द्यायला. मागं धाकटी, पिठाच्या तोटीला डबा लावायला आणि दळण पिशवीत भरायला. गिरणीच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडायचंच, त्यामुळं थोरलीचा आवाज असा घडला होता की गिरणी बंद झाली तरी तो चालूच असायचा. सगळी वस्ती तिला भोंगा म्हणायची. तोंडावर नाही अर्थात. तोंडावर काकू म्हणायची, आणि तेही दोन पावलं मागं सरून.

शहर सगळं टेकड्यांवर. एक रस्ता सरळ नाही. गिरणी उभी होती ती अशा ठिकाणी, जिथं खालून आलेला खडा चढ दोन वाटांत फुटत होता. डावीकडची वाट आणखी चढून माथ्यावर जायची, उजवीकडं दगडी पायऱ्या धाडधाड खाली नाल्यापर्यंत उतरायच्या. मधल्या टोकावर, नांगराच्या फाळासारखी, गिरणी.

सव्वीस वर्षांपूर्वी एका सकाळी सात पुरुष अर्ध्या चड्डीत धापा टाकत तो चढ चढून आले. त्यांत पुढं होता तो त्या भागाचा टपालवाला. रोज पिशवी घेऊन चढ चढून त्याच्या पायांना खाज सुटली होती म्हणे, सुट्टीच्या दिवशीही. त्यानं सहा मित्र जमवले आणि पाण्याच्या टाकीपासून निघून नऊ चढ पालथे घालून पुन्हा टाकीशी यायचं ठरवलं. एकवीस किलोमीटर. कुणाला विचारलं नाही, कुणाची परवानगी नाही, रस्ते अडवले नाहीत. गाडी आली की थांबायचं, म्हातारं माणूस आलं की वाट द्यायची, आणि पळायचं. खरं तर ते उजवीकडं, पायऱ्यांनी खाली जाणार होते. पण पायऱ्यांवर थोरलीनं धुतलेला गहू वाळत घातला होता.

"अरे मेल्यांनो!" वरच्या खिडकीतून आवाज आला. "गव्हावर पाय ठेवाल तर तंगड्या दळून ठेवीन! डावीकडं मरा, डावीकडं!"

सातही जण डावीकडं मेले. वाट तीन किलोमीटरनं वाढली आणि दोन चढ जास्तीचे पडले. पण पुढच्या वर्षी कुणी वाट बदलली नाही. त्या शर्यतीत काही लिहायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, छातीवर आकडे चिकटवायचे नाहीत, बक्षीस नाही, असा टपालवाल्याचा हट्ट होता. वाट तोंडी सांगायची. टाकीवरून खाली, शाळेच्या भिंतीला धरून वर, शाईचा कारखाना उजव्या हाताला ठेवायचा, आणि भोंगा वाजला की डावीकडे. सातांचे सत्तर झाले, सत्तरांचे तीनशे. थोरली दरवर्षी खिडकीत उभी राहायची आणि त्यांचा उद्धार करायची. आपण त्या शर्यतीचं एक वळण आहोत हे तिला ठाऊक होतं. तिनं ते कधी कबूल केलं नाही. पण त्या दिवशी ती सकाळी आठवणीनं दोन घोट गरम पाणी जास्त प्यायची.

मग दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरनं गाठ काढली, गाठीबरोबर आवाज गेला. "खरखरीत का होईना, येईल," डॉक्टर म्हणाला, "पण वापरायला हवा." तिनं वापरला नाही. खरखर ऐकून कुणी कीव करावी, त्यापेक्षा कुजबुजलेलं बरं. कुजबुजीत निदान दरारा असतो.

त्या वर्षी शर्यतीच्या दिवशी ती वर माडीत पडून होती. खिडकी बंद. खाली धाकटी. दुपारी टपालवाला तब्येतीची चौकशी करायला आला, आणि हसत म्हणाला, "गाठ काढली की बसवली, काकू? आज तर नेहमीपेक्षा चढा लागला होता भोंगा."

थोरलीला वाटलं थट्टा करतोय. तिनं तर काही ऐकलं नव्हतं. ती त्या खिडकीपासून तीन हातांवर होती. तिनं धाकटीला खूण करून विचारलं, कोण ओरडलं? धाकटी पिशवीचं तोंड बांधत होती. तिनं मान खाली घातली आणि गाठ आणखी घट्ट मारली. झालं. एकतीस वर्षांत असंच उत्तर मिळायचं.

दीड वर्षापूर्वी धाकटी गेली. गाजावाजा न करता, दुपारी, स्टुलावर बसल्या बसल्या, मांडीवर अर्धी भरलेली पिशवी. गिरणी बंद झाली. पट्टा काढून खिळ्याला टांगला, कुलूप लावलं, आणि थोरली टेकडीखाली मुलाच्या घरी राहायला आली. गेल्या वर्षीची शर्यत झाली तेव्हा गिरणीत उंदीरसुद्धा नव्हता. आणि शर्यत संपताच टपालवाला घामेजलेला धावतच मुलाच्या घरी आला.

"काकू, अभिनंदन! आवाज आला तुमचा!"

थोरली पलंगावर बसून शेंगा सोलत होती. "मी इथं आहे," ती कुजबुजली. "सकाळपासून."

टपालवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम उतरलं नाही. ते जागच्या जागी राहिलं, आणि त्याच्या मागचा माणूस तेवढा निघून गेला, तसं काहीतरी झालं. मग तो पाणी न पिता गेला.

आता यंदा. यंदा दोन गोष्टी झाल्या. एक, नातीनं धावायचं ठरवलं. दुसरी, शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात पायऱ्यांखालची पाण्याची मोठी नळी फुटली आणि आधाराची भिंत बसली. अर्ध्या पायऱ्या गेल्या. चौदाव्या पायरीनंतर थेट दोन पुरुष खोल खड्डा, तळाशी दगड. पालिकेनं आडवी एक प्लास्टिकची पट्टी बांधली, आणि त्यांचं काम संपलं.

नात तेवीस वर्षांची, चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला. हुशार. डोळ्यात तेल घालून काम करणारी. पण तिच्यात एक खोट होती, घरात सगळ्यांना माहीत असलेली. घाई झाली की तिला डावं-उजवं कळायचं नाही. रिक्षावाल्याला उजवीकडं सांगायची आणि हात डावीकडं करायची. लहानपणापासून असं. थोरली म्हणायची, वेंधळी आहे, आईवर गेली.

"तू उजवीकडं गेलीस तर मेलीस," थोरलीनं दुपारच्या जेवणात तिला सांगितलं.

"माहीत आहे गं आजी. भोंगा वाजला की डावीकडे."

"भोंगा मी आहे, आणि मी वाजत नाही."

"मग लोक तर म्हणतात की..."

"लोकांना म्हणायला काय जातं! त्यांच्या जिभेला हाड आहे का?"

नातीनं घास खाली ठेवला. "धाकटी आजी असेल," ती सहज म्हणाली, जसं मीठ तिकडं असेल म्हणावं.

"धाकटी? तिच्या तोंडातून बारा महिन्यांत बारा शब्द निघायचे नाहीत."

"तुझ्यासमोर," नात म्हणाली. आणि मग, जरा अडखळून, "माडीवर तर ती मला झोप लागेपर्यंत बोलायची."

थोरलीला ते आवडलं नाही. लहानपणी या पोरीला धाकटीनंच सांभाळलं होतं, मूलबाळ नव्हतं तिला. पण बोलायची? काय बोलायची? थोरली गिरणीत खाली, शेवटचं दळण आटोपेपर्यंत वरचं कशाला ऐकायला येतंय. ती उठली आणि टपालवाल्याकडं गेली.

"त्या वळणावर माणूस उभा कर," ती कुजबुजली. "नाहीतर खडूनं बाण काढ."

"बाण काढला की ती शर्यत राहत नाही काकू, रहदारी होते." तो चपला घासत उभा होता, आता साठीला आलेला, पाय अजून तारेसारखे. "आणि गरज काय? गेल्या साली वाजला. त्याच्या आदल्या साली वाजला. तीनशे माणसांत एकही चुकला नाही. यंदाही वाजेल."

"कोण वाजवेल?"

तो वाकून चपलेचा पट्टा ओढायला लागला. तेव्हा थोरलीच्या लक्षात आलं, की हा माणूस, जो कुणाला खडूचा एक बाण काढू देत नाही, तो तीनशे जिवंत माणसं एका मेलेल्या बाईच्या भरवशावर त्या चढाला सोडणार होता. आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याचीच काय, सगळ्या टेकडीचीच ती खात्री होती. भिंत पडली तेव्हाही कुणी म्हटलं नाही की वाट बदला. म्हणाले, बरं झालं भोंगा डावीकडं पाठवतो.

शर्यतीच्या सकाळी धुकं पडलं. साधंसुधं नव्हे. पाचसहा पावलांपलीकडचं काही दिसेना असं. थोरलीनं शाल गळ्याभोवती गुंडाळली, गिरणीची किल्ली मुठीत घेतली, आणि कुणाला न सांगता चढ चढली. चार ठिकाणी बसली. एकाहत्तर वर्षांचे गुडघे, त्यांना काय शर्यतीचं कौतुक! पण पोहोचली. गिरणीच्या दाराच्या पायरीवर उभी राहिली. डावीकडची वाट आणि उजवीकडच्या पायऱ्या, दोन्ही तिथून दहा दहा पावलांवर असतील, दिसत एकही नव्हती. आधी वाटलं पायऱ्यांच्या तोंडाशीच जाऊन उभं राहावं. पण फरशी ओली, उतार घसरडा. आपणच पहिल्या जायचो, ती मनाशी म्हणाली. इथूनच हातवारे करू. बहिऱ्या गाढवालाही कळतील असे.

तिनं वर पाहिलं. माडीची खिडकी बंद होती. कडी तिनं स्वतः लावली होती, दीड वर्षापूर्वी. दाराचं कुलूपही जागच्या जागी, गंजलेलं. आत अंधार आणि शिळ्या पिठाचा वास. दाराच्या फटीतून तो बाहेर येत होता, आंबूस, गार.

मग खालून पाय ऐकू आले. आधी दहावीस, मग पन्नास, ओल्या दगडावर बुटांची पटपट, आणि श्वास. चढावर माणूस श्वास घेतो तो असा, की जणू कुणाचा तरी उसना घेतोय. थोरलीनं हात वर केला. पण ती हात हलवायच्या आतच पहिला धुक्यातून निघाला आणि तिच्याकडं न बघता डावीकडं वळला. दुसराही. तिसरा. एकामागून एक, ओळीनं, जणू कुणी त्यांना दोरीनं ओढत होतं. आणि वळताना जो तो मान वर करून खिडकीकडं हात दाखवत होता.

"जातो, जातो!" एक हसत ओरडला. "आई काढू नका काकू!"

"आज फारच तिखट!" दुसरा म्हणाला.

थोरलीनं कान दिले. डोक्यावरची शाल मागं सारून दिले. बुटांची पटपट. श्वास. पन्हळीतून थेंब. खिडकीतून काही नाही.

एक धिप्पाड माणूस, इस्पितळातला नर्स असावा, कारण तिला तो गाठ काढली तेव्हा दिसल्यासारखा वाटला, तिच्या समोरून जाताना थबकला. तिच्या बंद तोंडाकडं पाहिलं, मग वर, मग पुन्हा तिच्याकडं.

"काकू, तुम्ही खाली?" तो म्हणाला. "मग वर..."

पण चढावर थांबलं की पाय पुन्हा उचलत नाहीत. तो पळत राहिला, आणि डावीकडच्या धुक्यात जाईपर्यंत मागं वळून बघत राहिला.

दोनशे गेले. अडीचशे गेले. प्रत्येकजण तिच्याच आवाजातली तिचीच शिवी खाऊन वळत होता, आणि ती ऐकू येत नव्हती ती फक्त तिला. तिला आठवलं, त्या वर्षी ती माडीत खिडकीपासून तीन हातांवर पडलेली, खाली धाकटी जिवंत, आणि तेव्हाही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे मरणाचा यात काही संबंध नव्हता. जे काही होतं ते आधीपासून होतं.

मग गर्दी विरळ झाली. मग कुणीच नाही. आणि मग एकच जोडी पावलं, जराशी फरफटत, डाव्या पायावर भार जास्त. ही चाल तिनं पाळण्यातून उतरल्यापासून ऐकली होती.

नात धुक्यातून आली. निळं जाकीट, मान खाली, घामानं केस कपाळाला चिकटलेले. आणि कानांत ती यंत्राची बोंडं, गाणी ऐकायची. पोरगी वळणावर आली आणि थांबली. दोन्ही हात पोटासमोर धरले, तळवे वर, आणि एकदा या हाताकडं पाहिलं, एकदा त्या. लहानपणी चप्पल घालताना असंच करायची.

तिनं मान वर केली आणि आजी दिसली.

थोरलीनं आपला डावा हात उचलला. खांद्यापासून, ताठ, जितका लांब जाईल तितका. डावीकडे! डावीकडे! ओठांनी म्हणाली, हातानं म्हणाली, सगळ्या अंगानं म्हणाली.

नातीनं मान डोलावली. हसली. आणि आजीच्या हाताच्या दिशेनं पळाली.

ती दिसेनाशी झाली तेव्हा थोरलीच्या डोक्यात प्रकाश पडला. ती पोरीच्या समोर उभी होती, तोंडासमोर तोंड करून. तिचा डावा तो पोरीचा उजवा. आयुष्यभर तिनं हे वळण तोंडानं सांगितलं होतं, हातानं कधी सांगितलं नव्हतं. आणि आज हातानं सांगितलं ते पायऱ्यांचं सांगितलं.

तिनं तोंड उघडलं. खरखर निघाली. रिकाम्या जात्यात दगडावर दगड घासावा तशी, चार हातांवर पडून विरली. ती पायरीवरून उतरली, दोन पावलं टाकली, आणि गुडघ्यावर आपटली. पुढं पायऱ्यांवर बुटांचा आवाज उतरत होता. टप. टप. टप. थोरली मोजत नव्हती, तरी मोजलं गेलं. सात. आठ. नऊ.

थांबला.

त्यानंतर जे शांत झालं ते शांत म्हणजे नेमकं कसं हे थोरलीला नंतर कधी सांगता आलं नाही. पडल्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही. किंचाळी आली नाही. थेंबसुद्धा पडायचा थांबला होता. ती ओल्या फरशीवर हात टेकून वाट बघत राहिली, कशाची ते तिलाही माहीत नव्हतं.

मग पावलं उलटी चढायला लागली. हळू. एकेक.

नात धुक्यातून बाहेर आली. एक बोंड कानातून निघून छातीवर लोंबत होतं. चेहरा पिठासारखा.

"आजी, तू पडलीस?" ती धावत आली, काखेत हात घालून तिला पायरीवर बसवलं. मग स्वतः शेजारी बसली. "तू हात तिकडं केलास," ती म्हणाली. तक्रार नव्हती. नुसतं सांगत होती.

थोरलीनं तिचं मनगट धरलं. "मग वळलीस कशाला?"

"धाकटी आजी म्हणाली."

"काय म्हणाली?"

"ते बोंड निघालं, की कुणी... माहीत नाही. निघालं. आणि अगदी कानाशी म्हणाली, जेवायच्या हाताला, बाळ. जेवायच्या हाताला."

"शिव्या नाही दिल्या?"

"मला कशाला शिव्या देईल?"

थोरलीच्या डोक्यात काहीतरी जुळत नव्हतं. "जेवायच्या हाताला म्हणाली," ती कुजबुजली, "तर मग तू तिकडंच जायला हवं होतंस. पायऱ्यांनीच. जेवायचा हात म्हणजे उजवा."

नातीनं तिच्याकडं पाहिलं. मग नजर जमिनीकडं नेली, चोरी पकडलेल्या पोरासारखी.

"आमचा नाही," ती म्हणाली.

थोरलीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि एकदम सगळंच कळलं. धाकटी लग्न होऊन आली ती डावखुरी. पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात डाव्या हातानं पिशवी दिली, आणि थोरलीनं चारचौघांत तिच्या हातावर मापानं फटका मारला. लोखंडी माप. "या घरात उलटं काही चालत नाही." महिनाभर जेवताना तिचा डावा हात पदराच्या गाठीनं कमरेला बांधून ठेवला होता. तिनंच. गाठ तिनंच मारायची, आणि जेवण झालं की तिनंच सोडायची. महिन्यानं धाकटी उजव्या हातानं जेवायला लागली, आणि जवळपास त्याच सुमारास बोलायची बंद झाली. थोरलीला तेव्हा वाटलं, सुधारली. वीस वर्षांपूर्वी नातीनंही डाव्या हातानं चमचा धरला, तर तिला दोन दिवसांत सरळ केली. दोन माणसं सरळ केली असं थोरली अभिमानानं सांगायची.

"वर?" तिनं विचारलं.

"वर," नात म्हणाली. "तू खाली असायचीस तेव्हा. ती म्हणायची, खाली आजीच्या हातानं जेव, वर आपल्या हातानं. दोन्ही हात यायला हवेत म्हणायची." मग ती जराशी हसली. "म्हणून तर माझा घोळ होतो. खाली आहे की वर, ते आधी आठवावं लागतं."

"आणि ती स्वतः?"

"तीपण. नेहमी. तुला खरंच माहीत नव्हतं?"

चढाखालून आणखी कुणीतरी येत होतं, एक म्हातारा, चालतच, शेवटचा. त्यानं खिडकीकडं बघून टोपी काढली आणि डावीकडं गेला.

"ऊठ," थोरली म्हणाली. "बसलीस तर पाय आखडतील."

"तुला सोडून?"

"मला काय वाघ खातोय? तो म्हातारा तुझ्यापुढं गेला तर घरात घेणार नाही. ऊठ. पळ."

"कुठल्या बाजूला?" नात म्हणाली, आणि आपल्याच विनोदाला हसली, रडल्यासारखी. मग वाकून आजीच्या शालीचं टोक नीट केलं, डाव्या हातानं, आणि गेली. वर, माथ्याकडं. तिची फरफटती पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली.

थोरलीनं कुलूप उघडलं. किल्ली फिरायला वेळ लागला. आत धुकं नव्हतं, पण उजेडही नव्हता. जात्याचा दगड उघडा पडला होता. पट्टा खिळ्यावर. जमिनीवर पिठाची धूळ, त्यात पावलाचा ठसा नाही, उंदराचासुद्धा नाही. धाकटीचं स्टूल मागच्या कोपऱ्यात, यंत्राआड, गिऱ्हाइकांना दिसणार नाही असं. ते तिथं थोरलीनंच ठेवायला लावलं होतं, डावा हात कुणाला दिसू नये म्हणून.

ती त्या स्टुलासमोर जाऊन उभी राहिली. आवाज करायचा होता, नुसती कुजबुज नाही. आधी खाकरली. जे निघालं ते खरखरीत, बेसूर, फुटक्या भांड्यासारखं होतं. कुणी ऐकलं असतं तर कीव केली असती. तिनं येऊ दिलं.

"पोरगी वाचली," ती म्हणाली. "ते तुझं. मी तिला खड्ड्यात घालत होते."

कोपऱ्यात काही हललं नाही.

"पण लबाड आहेस तू, धाकटे. पक्की लबाड. एवढी वर्षं मी समजत होते, तू माझं ऐकतेस."